माणसं: नऊ

९ फेब्रुवारी

पंख्या,

आधी आशीर्वाद घे, मग कामाचं बोलते. काम पडलं की ताईला मावसभाऊ आठवतो असं तू म्हणणार. म्हण. खरंच आहे ते. पण आमचा टेबलफॅन वयाच्या आठव्या वर्षी उघडून परत जोडणारा आणि दोन स्क्रू उरवूनही तो चालवून दाखवणारा भाऊ मला एकच आहे. ते दोन स्क्रू अजून माझ्या शिवणाच्या डब्यात आहेत.

तुझ्या भाऊजींची छाती आता साथ देत नाही. चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत काढली, ओल्या लाकडाची बुरशी आणि भुसा पोटात कमी, छातीत जास्त गेला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की हा उन्हाळा नीट निभावला तर पुढचं बोलता येईल. हवा गार हवी, दिवसभर सारखी हवी आणि मुख्य म्हणजे कोरडी हवी. ओल नको, बुरशीचा वाससुद्धा नको. गेल्या उन्हाळ्यात त्यांना जिना चढताना तीनदा थांबावं लागत होतं. या वर्षी ते खालच्या खोलीतून बाहेरच येत नाहीत.

म्हणून घराला सेंट्रल एसी बसवायचा आहे. अकरा खोल्या, दोन मजले. वखारीची मोठी करवत विकली, त्याचे पैसे आहेत, त्यापलीकडे खिसा फाटका आहे. तीन विक्रेते येऊन गेले. पहिल्याने फाटकातूनच घराकडे बघून आकडा सांगितला. दुसऱ्याने गुळगुळीत कागदाचं पुस्तक दिलं, त्यात एका गोऱ्यागोमट्या कुटुंबाने एप्रिलात स्वेटर घातले आहेत. तिसरा नुसता पाणी पीत बसला.

एका खोलीत एक यंत्र लावा, असं सांगू नकोस. घरात माणसं आहेत, लहान मुलं आहेत. धाकटी सून मागे म्हणाली होती की या घरात उन्हाळ्यात मुलं ठेवायची म्हणजे भट्टीत ठेवायची. तेव्हापासून ह्यांनी मनात घेतलंय, सगळं घर गार झालं पाहिजे.

उत्तर पत्रानेच दे. फोनवर दोन वाक्यांत माझा आवाज बसतो आणि हे लगेच विचारतात, काय झालं म्हणून.

तुझी ताई


२० फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. ते स्क्रू जपून ठेव, पंखा कधी बिघडला तर आरोप माझ्यावरच येणार आहे.

भाऊजींचं वाचून फार वाईट वाटलं. मला उचलून करवतीच्या ओट्यावर बसवणारा माणूस जिन्यात थांबतो हे डोळ्यांसमोर आणवत नाही. तेव्हा काम नीट करू. गेली सव्वीस वर्षं मी ऑफिसांना आणि हॉस्पिटलांना हवा पुरवतोय, माझ्या ताईच्या घराला पुरवता आली नाही तर काय उपयोग.

फाटकातून आकडा सांगणाऱ्याला पुन्हा फाटकाच्या आत घेऊ नकोस. त्याने नक्की मोठा आकडा सांगितला असणार. मोठं यंत्र म्हणजे चांगलं यंत्र, असं सगळ्यांना वाटतं आणि तिथेच फसगत होते. यंत्र गरजेपेक्षा मोठं झालं की ते दोन-तीन मिनिटांत खोली गार करतं आणि बंद पडतं. परत चालू, परत बंद. हवेतली ओल काढायला यंत्राला सलग चालावं लागतं, तेवढा वेळ त्याला मिळतच नाही. मग घर गार होतं पण दमट राहतं. भाऊजींना तर हे अजिबात चालणार नाही.

म्हणून आधी मोजमाप. सोबत तक्ता पाठवतोय. प्रत्येक खोलीची लांबी, रुंदी, उंची, खिडक्या किती, ऊन कुठल्या बाजूने येतं, खोली दिवसातून किती तास वापरात असते आणि तिथे माणसं किती. शेवटचा रकाना विसरू नकोस. प्रत्येक माणूस ही एक लहानशी शेगडीच असते, त्याची ऊब मोजावी लागते. खोल्या खरंच वापरात आहेत की नाहीत, यावर मी कुठलं यंत्र निवडायचं ते ठरवणार.

घाई करू नकोस, पण खरं लिही.

तुझा पंख्या


६ मार्च

पंख्या,

तक्ता भरला. तीन दिवस लागले. ह्यांची जुनी पोलादी टेप काढली, तिला अजून सागाचा वास येतो. मी खोल्यांतून मोजत फिरत होते आणि हे पलंगावरून ओरडून आकडे परत म्हणून घेत होते, वखारीत गिऱ्हाईकासमोर म्हणायचे तसे. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा चढलेला ऐकला.

थोरल्याची खोली सर्वांत सोपी गेली, टेप एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरळ गेली, मध्ये काही आलंच नाही. धाकट्याच्या खोलीला पश्चिमेच्या दोन खिडक्या आहेत, दुपारी चारनंतर तिथे उभं राहवत नाही. सून म्हणाली ते खोटं नव्हतं. पुढची बैठकीची खोली ह्यांनी मुद्दाम मोठी बांधली होती, सगळ्यांना एकदम बसता यावं म्हणून. लाकूड स्वतः निवडलं होतं. तिथली उंची जास्त आहे, शिडीवर चढून मोजली. रागावू नकोस, मोलकरणीने शिडी धरली होती.

माणसं नऊ. आम्ही दोघं. थोरला, त्याची बायको, दोन मुलं. धाकटा, त्याची बायको आणि बाळ. वापराच्या रकान्यात सगळ्या खोल्यांना दिवसभर असं लिहिलंय.

आता लवकर सांग. ऊन तापायला लागलंय आणि काल ह्यांना आंघोळीनंतर अर्धा तास धाप लागली होती.

ताई


१९ मार्च

ताई,

तक्ता मिळाला. माझ्याकडचे नवे इंजिनिअरसुद्धा इतकं स्वच्छ लिहीत नाहीत. दोनदा वाचला. नऊ माणसं आणि सगळ्या खोल्या दिवसभर वापरात, तू लिहिलं आहेस तसंच धरलंय.

तर निर्णय असा. दहा टनांचं एकच यंत्र गच्चीवर, तिथून हवा नेणारे डक्ट प्रत्येक खोलीत, छताजवळ जाळी. गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारी यंत्रं येतात, आणि प्रत्येक खोलीची हवा वेगळी चालू-बंद करायच्या झडपाही येतात. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत आणि दोन्ही महाग आहेत. ज्या घरात निम्म्या खोल्या रिकाम्या असतात तिथे त्यांच्यावाचून गत्यंतर नाही. तुझं घर भरलेलं आहे. सगळीकडे माणसं असतील तर साधं, एका वेगाचं यंत्र उत्तम चालतं, आणि तुझ्या करवतीच्या पैशांत बसतं. तिथेच सगळी बचत आहे.

एकच पथ्य. जाळ्या बंद करायच्या नाहीत. हे यंत्र अकरा खोल्यांसाठी आहे, त्याला अकरा खोल्या लागतात. दोन-तीन खोल्यांपुरतं वापरलंस तर मागच्या पत्रात सांगितलेला प्रकार होईल.

बसवणाऱ्या माणसाचा पत्ता देतोय. बोलतो फार, पण हात चांगला आहे. आणि ताई, तक्त्यात काही बदलायचं असेल तर अजून आठवडाभर वेळ आहे. काहीही असलं तरी कळव.

पंख्या


२ मे

पंख्या,

झालं एकदाचं. महिनाभर घरात धूळ, ह्यांना तेवढे दिवस समोरच्या शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. तुझा माणूस खरंच बोलतो. त्याच्या साडूच्या तिन्ही ऑपरेशनांची मला आता बारीकसारीक माहिती आहे.

ज्या दिवशी यंत्र सुरू झालं त्या दिवशी हे स्वतः उठून बैठकीच्या खोलीत आले. भिंत धरून, पण आले. मधल्या खुर्चीत बसून जाळीखाली हात धरला आणि म्हणाले, "आता काही सबब राहिली नाही." मग मला दोन्ही मुलांना फोटो पाठवायला लावले, प्रत्येक खोलीच्या जाळीचा वेगळा. मी अकरा फोटो काढले. थोरल्याने अंगठा पाठवला. धाकट्याचं उत्तर आलं की छान झालं, बाबांना बरं वाटेल.

पहिला आठवडा फार चांगला गेला. ते दोन घास जास्त जेवले. नंतर मात्र काहीतरी वेगळं वाटतंय, म्हणून विचारते. यंत्र जरा चालतं आणि थांबतं, परत चालतं आणि थांबतं. हे असंच असतं का? घर गार आहे, पण चादरी ओलसर लागतात, मिठाला पाणी सुटलंय. ह्यांचा खोकला सकाळी जरा वाढलाय.

काही खोल्यांच्या जाळ्या मी तात्पुरत्या बंद करून घेतल्या आहेत, मुलं बाहेर गेली आहेत तेवढ्यापुरत्या. वीज वाचवावी म्हणून नाही रे. रिकाम्या पलंगावर गार हवा पडत राहते ते बघवत नाही.

ताई


१४ मे

ताई,

किती जाळ्या बंद केल्यास? यंत्र किती मिनिटं चालतं आणि किती मिनिटं थांबतं, घड्याळ लावून बघ. हवेतली ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, आजच आणून भाऊजींच्या उशाशी ठेव. आकडा पन्नासच्या आसपास हवा. साठच्या वर गेला तर मला लगेच सांग.

सगळ्या जाळ्या उघड. बघवत नसेल तर त्या खोल्यांचं दार लोटून घे, पण जाळी उघडी राहू दे.

मुलं कधी परत येणार आहेत तेही कळव. मी स्वतः येऊन बघितलं असतं, पण इथे एका हॉस्पिटलच्या नव्या मजल्याचं काम गळ्यात आहे, जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत हलता येणार नाही. तोवर सांभाळ.

पंख्या


३ जून

पंख्या,

तीन मिनिटं चालतं, दहा मिनिटं थांबतं. उशाशी आकडा ब्याऐंशी आहे.

नऊ खोल्यांच्या जाळ्या बंद केल्या होत्या. तुझं पत्र आल्यावर उघडायला म्हणून काल थोरल्याच्या खोलीत गेले. तीन आठवडे ते दार उघडलं नव्हतं. आत गेल्याबरोबर वास आला. पंख्या, तो वास मला ठाऊक आहे, वखारीत पावसात भिजलेल्या ओंडक्यांच्या थप्पीमागे येतो तो. भिंतीवर छतापासून खाली काळे ठिपके उतरले होते. गादी उलटली, तिच्या खालच्या बाजूला सगळी काळी लव आली होती. धाकट्याच्या खोलीत तसंच. आणि जाळीतसुद्धा, आतल्या बाजूला. म्हणजे त्यातून आलेली हवाच मी ह्यांना दिवसरात्र देत होते.

आता खरं लिहिते. या घरात माणसं दोन आहेत.

थोरला दोन वर्षांपूर्वी गेला. वखार विकून पैसे वाटून द्या म्हणत होता, हे नाही म्हणाले, तो सामान घेऊन गेला. कपाट, पलंग, पडदे, सगळं. गादी तेवढी जुनी म्हणून ठेवून गेला. धाकटा चौदा महिन्यांपूर्वी गेला, भांडून नाही, हळूहळू. आधी उन्हाळ्यापुरता म्हणाला. ह्यांनी ते उन्हाचं कारण घट्ट धरून ठेवलं. ऊन गेलं की येतील, घर गार झालं की येतील.

तक्ता भरायला मी त्यांच्या पलंगाशीच बसले होते. शेवटच्या रकान्यात दोन लिहायला पेन टेकवलं आणि ते म्हणाले, "थोरल्याच्या खोलीत चार लिहिलेस ना? धाकटं नातवंड विसरू नकोस, तेही माणूसच आहे." माझा हात धजला नाही. मला वाटलं, एक आकडा आहे, माणसांच्या उबेचा, त्याने असं काय बिघडणार. नंतर तुला वेगळं कळवायचं ठरवलं होतं. मग तुझं पत्र आलं, तुझं घर भरलेलं आहे असं त्यात होतं, ते मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. त्यानंतर कळवायची हिंमत झाली नाही.

घरी ऑक्सिजन आणलाय. डॉक्टर हॉस्पिटलात हलवा म्हणतात, हे हलायला तयार नाहीत. रविवारी धाकटा येईल असं त्यांच्या मनाने घेतलंय. धाकट्याने असं काही कळवलेलं नाही.

मी काय करू?

ताई


८ जून

ताई,

यंत्र बंद करणं, सगळ्या खिडक्या उघडणं, भाऊजींना आजच हॉस्पिटलात नेणं, हे फोनवर बोललोच. तू बऱ्या आवाजात बोललीस. मी मात्र सगळं बोललो नाही. गुरुवारी निघतोय, हे पत्र माझ्याआधी पोचावं. समोर बसून मला हे सांगता येणार नाही.

मला माहीत होतं.

गेल्या नोव्हेंबरात थोरला माझ्या ऑफिसात आला होता, त्याच्या नव्या घरासाठी एसी विचारायला. त्यानेच सगळं सांगितलं, धाकट्याचंही. परत जाणार नाही म्हणाला. तुझा तक्ता आला तेव्हा शेवटचा रकाना बघून मी पेन खाली ठेवलं. नऊ हा आकडा खोटा आहे हे मला त्या क्षणी कळलं होतं. तुला विचारायला हवं होतं. मला वाटलं, ताईने इतक्या जिवावर येऊन हे लिहिलं असेल, तिला तोंडघशी कसं पाडू. मग मी आडून आडून लिहीत राहिलो, तू लिहिलं आहेस तसंच धरलंय, आठवडाभर वेळ आहे, वगैरे. मला वाटलं, एवढं म्हटलं की तू आपणहून सांगशील.

आणि खोट्या आकड्यावर मी खरं यंत्र निवडून दिलं. जाळ्यांबद्दल लिहिलं आणि माझी जबाबदारी संपली असं समजलो. दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर जाऊन स्वतः माणसं मोजली असती. सव्वीस वर्षांत कुठल्या हॉस्पिटलाला मी असं फसवलं नाही. तुला फसवलं.

दोन माणसांना दोन खोल्या पुरल्या असत्या, ताई. दोन लहान यंत्रं. करवतीचे निम्म्याहून जास्त पैसे तुझ्याकडे राहिले असते.

येतोय.

पंख्या


२९ जून

पंख्या,

तू नीट पोचलास हे कळलं. इथे होतास तेव्हा मी तुझ्याशी धड बोलले नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. तुझं पत्र तू यायच्या आदल्या दिवशी मिळालं होतं. मी रागावले होते. मग माझ्याच तक्त्याची प्रत काढून बघितली आणि राग कुणावर धरावा ते समजेना. तू माझा मान राखलास, मी त्यांचा मान राखला, आणि त्यांना श्वास मिळाला नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नव्हतेच. असतीलही नसतील. हा एक उन्हाळा मला त्यांना द्यायचा होता, तेवढाही दिला नाही. कुणी कितीही समजावलं तरी हे माझ्या मनातून जायचं नाही.

हॉस्पिटलात त्यांनी तुझा हात धरून विचारलं होतं, सगळ्या खोल्यांत हवा पोचते ना. तू हो म्हणालास. ते बरं केलंस. आणि तेही खोटंच होतं, आपण दोघांनी त्यांना शेवटपर्यंत खोटंच दिलं.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. ते गेल्यावर सगळे आले. थोरला, त्याची बायको, दोन मुलं. धाकटा, त्याची बायको आणि बाळ. मी. आणि तू. तू माणूस लावून डक्ट धुवून घेतलेस, भिंती पुसून घेतल्यास, गाद्या जाळल्यास आणि उकाड्यात बाळाला त्रास नको म्हणून यंत्र परत सुरू केलंस. सगळ्या खोल्यांत माणसं होती, म्हणून सगळ्या जाळ्या उघड्या होत्या. चार दिवस ते यंत्र एकदाही अडखळलं नाही. एका लयीत चालत राहिलं. चादरी कोरड्या, मीठ कोरडं. ह्यांच्या उशाशी ते मोजायचं यंत्र तसंच पडलं होतं, त्यावर मी बघितलं. एक्कावन्न. धाकटी सून पश्चिमेच्या खिडकीत बाळाला घेऊन उभी होती, दुपारचे साडेचार वाजले होते, आणि ती थोरलीला म्हणाली, "किती छान वाटतंय ना या घरात."

मी तेव्हा मोजलं. नऊ. तुझं गणित बरोबर होतं रे.

पाचव्या दिवशी सगळे गेले. थोरला म्हणाला, घराचं काय ते सावकाश ठरवू. धाकटा म्हणाला, आई, तू ये राहायला, पण कधी ते म्हणाला नाही. यंत्र मी बंद केलंय. वरच्या मजल्यावर कुलूप लावलंय.

एक लहान यंत्र पाठवतो, खालच्या खोलीपुरतं, असं तू म्हणाला होतास. तक्ता नव्याने भरून पाठव म्हणालास. सोबत जोडलाय. टेप एकटीने धरता येत नाही, म्हणून दुसरं टोक त्यांच्या पलंगाच्या पायाला अडकवलं. लांबी चौदा फूट, रुंदी बारा, उंची दहा. खिडकी एक, उत्तरेची, ऊन येत नाही. वापर दिवसभर.

शेवटचा रकाना भरायला सकाळपासून बसले होते. पलंगावरून कुणी काही बोललं नाही. भरलाय आता. या वेळी तू विचारू नकोस, खरं लिहिलंय.

माणसं: एक.

ताई